निळ्या पेन्सिलीचा हिवाळा

लोकांना थंडी पडली की हुरडा आठवतो, मला हातोडी आठवते. दिवाळी होऊन जाते, गवत वाळून पिवळं पडतं, आणि पावसाळाभर नुसता हिरवा उतार वाटणारा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा निघतो. एक काळी पायरी, तिच्यावर मातीचा सपाट ओटा, पुन्हा काळी पायरी. मधूनच एखादी तांबडी रेघ, कोणी गेरूचं बोट ओढल्यासारखी. शेतकऱ्याला खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम. आम्हा दगडवाल्यांना एकच. दिवाळीनंतर सुरू होतो, होळीला संपतो. पावसात खडक दिसत नाही आणि उन्हाळ्यात माणूस दिसत नाही.

परवा बुलढाण्याहून धाड गावी एसटीनं येत होते. रस्ता रुंद करताना कापलेल्या कडेला एक झकास तांबडा पट्टा दिसला आणि मी शेजारच्या अनोळखी बाईंना कोपरानं ढोसून म्हटलं, "ते पाहा, ते पाहा!" त्या बिचाऱ्या साप समजून पाय वर घेऊन बसल्या. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. फार पूर्वी इथे जमिनीतून तापलेला रस वाहिला, थंड होऊन काळा दगड झाला, त्यावर वर्षानुवर्षं माती साठली, मग पुन्हा रस आला आणि त्यानं खालची माती भाजून लाल केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाले उतराचं कुठी हाये?" ऐंशी गाठलेल्या बाईशी लोक असेच सांभाळून बोलतात. मला त्याचं काही वाटत नाही. चाळीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलं, तेव्हाही मागच्या बाकावर साधारण असाच प्रतिसाद असे.

पण त्या तांबड्या पट्ट्यानं मला थेट त्या हिवाळ्यात नेऊन सोडलं. महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावच्या शाळेतला भिंतीवरचा जुना नकाशा काढून नवा लावला होता आणि आमचा जिल्हा वेगळ्याच रंगात गेला होता. जिल्हा तोच, गाव तेच, धाडचा बाजार तोच, नुसता रंग दुसरा. मी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय भूशास्त्र, वर्गात मुलगी मी एकटी. हा विषय मी का घेतला असं लोक विचारत, तेव्हा मी काहीतरी भारदस्त सांगत असे. खरं कारण एवढंच होतं की पहिल्या दिवशी सरांनी टेबलावर मांडलेले दगड मला पाठ केल्याशिवाय ओळखता आले.

शेवटच्या वर्षाला नकाशा करावा लागे. एक मुलूख घ्यायचा, तो पायी तुडवायचा, कुठे कोणता खडक आहे ते पाहायचं आणि कागदावर रंगात उतरवायचं. मुलं तंबू घेऊन चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे, गेली. तिकडे कोळशाचे थर, कललेले, वळ्या पडलेले, मधेच तुटून खाली सरकलेले. मला तंबूत पाठवायला कॉलेज तयार नव्हतं, बाबा तर त्याहून नव्हते. सर भला माणूस. त्यांनी तोड काढली. "तू तुझ्या गावाभोवतीचा नकाशा कर," ते म्हणाले. "पण सगळा स्वतःच्या पायांनी. अर्धा केलेला नकाशा मी पाहणार नाही, आणि नकाशा नाही तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही."

घरी बाबांनी एकच वाक्य सांगितलं होतं. "हे साल शिक. बुडालं तं पुन्हा नाही पाठवनार." ते रागानं बोललेले नव्हते. भाजीपाल्याची बागायत, घरात माणसं मोजकी, आणि नात्यात बाकीच्या मुलींची लग्नं झालेली. त्यांनी आपल्या परीनं मला जेवढी ढील देता येईल तेवढी दिली होती. तेव्हा त्या हिवाळ्यात माझं सगळं घोडं त्या एका कागदावर अडलेलं होतं.

मुलीनं एकटीनं डोंगर हिंडायचे नाहीत, म्हणून सोबतीला आई आली. आम्ही तिला माय म्हणायचो. पहिल्या दिवशी ती नाइलाजानं आल्यासारखी आली. लुगड्याचा पदर खोचून, भाकरीचं फडकं डोक्यावर घेऊन, माझ्या मागे दहा पावलांवर. चौथ्या-पाचव्या दिवशी ती माझ्या पुढे दहा पावलांवर होती. त्याचं कारण मला नंतर कळलं. मायचं माहेर घाटाखालचं, वरवट बकाल. तिकडे पूर्णेनं आणून टाकलेली गाळाची काळी जमीन, विहीर कितीही खोल खणली तरी मातीच. "माह्या माहेरी बोर पाडाले गोटा भेटत नाही पोरी," ती म्हणाली. "लगन होऊन इथं आली अन् पाहते तं जिकडंतिकडं दगड. मले वाटलं, या लोकायनं एवढे आणले कुठून?" वीस वर्षं तिला हा प्रश्न पडलेला होता आणि वीस वर्षं तिला तो कोणाला विचारायची फुरसत मिळाली नव्हती.

मग मी सांगत गेले आणि ती ऐकत गेली. सकाळी निघताना तुरीच्या शेंगांवर दहिवर असे, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजे. हरभऱ्याच्या वावरातून गेलं की पोटऱ्यांना आंब लागून चुरचुरे. वर चढलं की ऊन मऊ होई. मी हातोडी मारायची. ताजा खडक ठण्ण वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. फुटलेल्या दगडाला एक जळका वास येतो, तो मला आजही फुलाच्या वासाइतका आवडतो. तांबड्या थराची माती मी जिभेला लावून पाहायची. भाजलेली चिकणमाती जिभेला चिकटते, ही आमची एक परीक्षा. मायनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "कोनी पाह्यलं तं म्हणीन, घरी खायाले देत नाहीत." दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जीभ लावली आणि थू थू करत हसत बसली.

आमच्या मुलखाचं एक सोपं आहे. थर आडवे आहेत. वळ्या नाहीत, उलथापालथ नाही. थर किती कलला ते मोजायचं यंत्र सरांनी दिलं होतं. ते जिथे ठेवावं तिथे शून्य दाखवी. मला त्याचा रागच येई. मुलांची पत्रं यायची, आज इतका कल मोजला, आज अमुक तुटलेला थर सापडला. आणि माझ्याकडे सगळं कसं उतरंडीसारखं जागच्या जागी. पण आडव्या थराचा नकाशा वाचायला फार गोड असतो, हे मला तेव्हा समजलं. थर आडवा असेल तर त्याची कड डोंगराच्या अंगानं एकाच उंचीवरून जाते. दरी आली की आत शिरते, सोंड आली की बाहेर येते. मायला ते समजेना. मग मी आंघोळीचं घंगाळ दाखवलं. आमचं घंगाळ जुनं, जागोजाग पोचे पडलेलं. विहिरीच्या जड पाण्यानं त्याच्या आतून एक पांढरी रेघ धरली होती. "पोचा आहे तिथे रेघ आत गेली, फुगवटा आहे तिथे बाहेर आली. पण उंची एकच." तिनं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हे तं म्या रोज घासते."

गावाजवळून वाहणाऱ्या नाल्याच्या तळाला एक थर होता, तो मी तपकिरी रंगवला. त्याच्यावर मधला जाड थर. मधल्या थराच्या डोक्यावर तांबडी रेघ. आणि तांबड्या रेघेवर बसलेला वरचा थर, तो हिरवा. या वरच्या थराच्या दगडात पांढुरके लांबट कण होते, नखाएवढे, आडवेतिडवे रुतलेले. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. माय म्हणाली, "याच्यात तं पोहे दिसून राह्यले." तेव्हापासून तो पोह्याचा दगड झाला आणि पुढे माझ्या चाळीस वर्षांच्या विद्यार्थ्यांनी त्याला पोह्याचा दगडच म्हटलं. मधल्या थराला रंग उरला आकाशी निळा. पेन्सिलींची पेटी बारा रंगांची. हिरवी वरच्या थरानं बोटभर करून ठेवली होती, पिवळी मी गाळासाठी राखली होती, आणि निळी लांबच्या लांब पडून होती. दगडाला कोणता रंग द्यायचा यामागे पुष्कळदा एवढंच शास्त्र असतं.

संक्रांतीला आम्ही मायच्या माहेरी गेलो. बुलढाण्याचा घाट उतरताना मी खिडकीतून तांबड्या रेघा दाखवत होते, "ही एक, ही दुसरी," आणि माय सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी, "हो वं, पाह्यली" म्हणत होती. घाट संपला, दगड संपला, आणि वरवट बकालपर्यंत नुसती सपाट काळी जमीन आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं, इतकं खारट. मामी म्हणाल्या, आमच्याकडं असंच. मायनं त्या रात्रीच्या जेवणाआधी मला बाजूला घेऊन विचारलं, "नकाशात माह्या माहेरचा रंग कोणता येते?" मी म्हटलं, पिवळा, सगळा पिवळा. तिला बरं वाटलं. लोणारच्या तळ्याचा कोणता, हेही तिनं विचारलं. ते तळं ज्वालामुखीचं की वरून पडलेल्या दगडाचं यावर तेव्हा विद्वानांची भांडणं चालू होती, तेव्हा मी म्हटलं, ते अजून ठरायचं आहे. "मंग तेवढं कोरं ठेव," माय म्हणाली.

परत आल्यावर खरी अडचण उभी राहिली. नाल्याच्या अलीकडची बाजू रंगवून झाली होती. पलीकडच्या डोंगराकडे पाहिलं, तर तिथेही तांबडी रेघ होती, पण बरीच खाली. अलीकडे ती निळ्या थराच्या डोक्यावर, पलीकडे पाहावी तर त्याच्या कमरेला. आता याचे अर्थ दोन होतात. एक म्हणजे नाल्याच्या रेघेत जमीन तुटली आणि पलीकडची अख्खी बाजू खाली सरकली. याला भ्रंश म्हणतात, आणि माझ्यासारख्या शून्याला कंटाळलेल्या पोरीला तो किती हवासा वाटला असेल! दुसरा अर्थ, ही तांबडी रेघ वेगळीच आहे, निळ्या थराच्या पोटातली, अलीकडे ती मातीखाली झाकली गेली असेल. ठरवायचा मार्ग एकच. पलीकडे जाऊन त्या रेघेच्या वर काय बसलंय ते पाहायचं. पोह्याचा दगड असेल तर ती आपलीच रेघ, खाली आलेली. नसेल तर ती दुसरी.

मी मास्तरीण आहे; उत्तर आधी फळ्यावर लिहून मग गणित सोडवायची मला खोड. पलीकडच्या त्या रेघेवर पोह्याचा दगड नव्हता. साधा काळा फत्तर होता. आणखी वर चढल्यावर, जिथे असायला हवी तिथेच, अलीकडच्या उंचीला बरोबर, झुडपांआड दडलेली आमची खरी तांबडी रेघ निघाली आणि तिच्यावर पोह्यांचा सडा. काही तुटलेलं नव्हतं. दोन रेघा होत्या, बस. भ्रंश हातचा गेला म्हणून मी अर्धा तास हिरमुसून बसले आणि मायनं मला बोरं खायला घातली. पण हे सगळं पाहायला मिळण्याआधी जवळजवळ आठवडाभर मला नाला ओलांडता आला नाही, आणि त्या आठवड्यात माझं साल बुडाल्यात जमा होतं.

झालं असं. दौलतकाका म्हणून आमचे शेजारी. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून, आणि नाल्याच्या दोन्ही अंगाला पसरलेलं. माणूस कष्टाळू, जिभेचा कडक, पण मनात काही ठेवणारा नव्हता. एकदा मी त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून रंग भरत होते. नकाशा मी चार तुकड्यांत कापून मांजरपाटाच्या कापडावर चिकटवला होता, तुकड्यांच्या मधे बोटभर फट ठेवून. म्हणजे घडी घालता येते आणि कागद मोडत नाही. काम चालू असेल तो तुकडा वर, बाकीचे आत. त्या दिवशी वर होता नाल्याच्या वरच्या अंगाचा तुकडा. तिथे नाल्याचा तळच उंच आहे, त्यामुळे तपकिरी थर संपतो आणि नाल्यापासून थेट निळा सुरू होतो. काका मागून आले, वाकून पाहिलं, आपलं वावर ओळखलं, आणि तसेच आपल्या वाटेनं गेले.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी कोणी सरकारी माणसं साखळ्या आणि लाल निशाणं घेऊन आमच्या खोऱ्यातून मोजणी करून गेली होती. कशासाठी, ते कोणाला सांगितलं नव्हतं. नवीन राज्य, नवीन बेत. इकडे धरण होणार, तिकडे तलाव होणार, अशा बातम्या बाजारात रोजच्या. काकांनी दोन आणि दोन चार केले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की पोरीच्या कागदावर सारं खोरं पाण्याखाली दाखवलं आहे. मायशी विहिरीवर बायका बोलेनात. धाडच्या बाजारात बाबांच्या पालापुढे उभं राहून कोणीतरी विचारलं, "पोरीले सरकारनं किती देल्लं?" बाबा वांगी तोलत होते. त्यांनी ती तोलली, गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली आणि घरी येऊन म्हणाले, "आता थांबा तुमी मायलेकी."

काकांनी निरोप दिला होता, नाल्यापलीकडे पाय ठेवायचा नाही. मी रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हमसून रडले. सरांकडे नकाशा होळीच्या आत न्यायचा होता आणि पलीकडची बाजू कोरी होती. बाबांना मी नकाशा दाखवायला गेले तर ते म्हणाले, "मले काय समजते त्यातलं?" आजपर्यंत त्यांनी तो एकदाही उघडून पाहिला नव्हता. ते माझ्या बाजूनं आहेत की गावाच्या, ते मला कळेना, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही कळत नसावं. रोज उठून ज्यांच्यासोबत बैल सोडायचे, मोट ओढायची, त्यांच्याशी वाकडं घेणं सोपं नसतं. माय तेवढी म्हणत राहिली, "पाह्य, होईन कायतरी."

शेवटी दौलतकाकांनीच मंडळी जमवली. दुपारी, मारुतीच्या पारावर. बाबांना बोलावलं, नकाशा घेऊन मलाही. पारावर बाप्ये, देवळाच्या भिंतीशी पदर पुढे ओढून माय आणि आणखी दोघी-तिघी. मी उभीच.

"हे पाहा," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातल्या घडीवर बोट ठेवलं. तोच तुकडा वर होता. "निळं म्हणजे पानी. शाळेतल्या पोट्ट्याले बी विचारा."

"काका, तो दगड आहे. रंग मी दिलाय," मी म्हटलं.

"मंग दगडाले दगडाचा रंग द्याचा होता. निळा दगड कोण्या देवानं केला?"

पारावर हशा झाला. काकांना जोर आला. "अन् याचा काठ पाहा. वगळ आली का आत शिरते, टेकाड आलं का बाहेर निंगते. सारखा. हा पान्याचाच काठ हाये."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. कॉलेजात आडव्या थराची कड समजायला वर्गातल्या निम्म्या पोरांना सहा महिने लागले होते, आणि या माणसानं धुऱ्यावर उभं राहून, उलट्या बाजूनं का होईना, एका नजरेत ती हेरली होती. आडव्या थराची कड आणि साचलेल्या पाण्याचा काठ, दोन्ही एकच रेघ. मला इतका आनंद झाला की मी कुठे उभी आहे तेच विसरले. "अगदी बरोबर काका!" मी म्हणाले. "पाण्याचा काठ अस्साच दिसतो!"

झालं. पारावर एकदम गलका उठला. "घ्या, कबूल करून राह्यली!" कोणी म्हणालं, "बापाले विचारा आता." भिंतीशी मायनं कपाळाला हात लावलेला मला दिसला. मी पुढे काही सांगू लागले पण माझा आवाज कोणालाच ऐकू जाईना.

बाबा इतका वेळ खाली मान घालून बसले होते. ते उठले. माझ्या हातून त्यांनी घडी घेतली आणि म्हणाले, "पुरा उघड." मी चारही तुकडे उघडले. त्यांनी तो पारावर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. "आपलं गाव कुठी?" मी दाखवलं. "नाला?" दाखवला. "उतार कोनीकडे?" मी हात केला. मग त्यांचं मातीनं भरलेलं बोट नाल्याच्या उगमापासून निघालं आणि हळूहळू खाली खाली गेलं. जन्मभर दांडातून वाफ्यात पाणी सोडणारा माणूस. पाण्यासोबत चालायची त्यांना सवय. पारावरची कुजबुज कमी होत गेली. बोट गावाशी आलं, थांबलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"दौलत, इकडं ये," ते म्हणाले. "हे इथं निळं नाल्यात हाये. कबूल. इथं धरन धरू. आता खाली ये. इथं नाल्यात तपकिरी लागलं, अन् निळं कुठी हाये? वर. उताराच्या मधात. अन् हे पाह्य, गावामांगच्या टेकडीले बी निळं गुंडाळून गेलं, अन् त्याच्या खाली पुन्हा तपकिरी. हे पानी असतं तं खाली कोरडं ठेवून मधात कसं थांबलं असतं?"

काका गुडघ्यावर हात टेकून वाकले. त्यांनी स्वतः बोट लावून तोच रस्ता धरला, वरून खाली, आणि टेकडीभोवती. मागून कोणीतरी म्हणालं, "अधांतरी पानी काय बे!" आणि पुन्हा हशा झाला, पण हा हशा वेगळा होता. माय भिंतीपासून दोन पावलं पुढे आलेली होती.

"मंग धरन नाही?" काकांनी मला विचारलं.

"धरणाचं मला माहीत नाही, काका. ते सरकारला माहीत. पण या कागदात नाही. यात फक्त दगड आहे."

त्यानंतर पारावर जी झुंबड उडाली ती मी आजही डोळ्यांपुढे आणून एकटीच हसते. प्रत्येकाला आपलं वावर पाहायचं होतं. "माहं हिरवं काऊन? तूर तं वाळली." "माहं अन् याचं एकाच रंगात कसं?" दोन चुलतभाऊ होते, त्यांचं धुऱ्यावरून जुनं भांडण. त्यांनी दोघांनी मिळून विचारलं, "धुरा कुठी हाये याच्यात?" मी म्हटलं, धुरे नाहीत, खालच्या दगडाला तुमचा धुरा ठाऊक नाही. ते दोघं एकमेकांकडे पाहायला लागले, आणि कोणीतरी म्हणालं, तलाठ्याच्या नकाशापेक्षा हाच बरा. एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, हे किती खोल आहे. मी सांगितलं की पार पूर्णेच्या काठापर्यंत आणि त्याच्याही खाली. त्यांनी पायाखालच्या जमिनीकडे जरा आदरानं पाहिलं.

हळूहळू मंडळी पांगली. पोटापाण्याची कामं होती, बैलांची वेळ झाली होती. पारावर बाबा, काका आणि मी राहिलो, आणि माय आता सरळ पाराच्या पायरीवर येऊन बसली होती. काका अजून वाकलेलेच होते. त्यांनी नाल्याच्या पलीकडे बोट टेकवलं.

"अन् हे पांढरं काऊन ठेवलं?"

माय म्हणाली, "ते तुमचंच हाये भाऊजी. तिकडं जाऊ कुठी देल्लं तुमी?"

बाबा गोटे उचलून बाजूला ठेवत होते. घडी घालता घालता, वर न पाहता ते म्हणाले, "अर्धाच पाह्यला म्हणून तुले धरन दिसलं, दौलत. पुरा होऊ दे."

काकांनी धोतराला लागलेली धूळ झटकली. पायताण घातलं. चार पावलं गेले आणि मागे वळून मला म्हणाले, "उद्या सकाळी या मायलेकी. कुत्रा हाये तिकडं. म्या बांधून ठेवतो."